खुंटीवरची बारा तारांची गिटार

धम्मानंद मोबाइल टॉवरचं काम करतो म्हटलं की लोक त्याला विचारतात, वर चढल्यावर भीती वाटत नाही का? तो टॉवरवर कधी चढतच नाही. त्याचं काम खाली, जाळीच्या कुंपणात, लोखंडी केबिनमध्ये असतं. बॅटऱ्या किती तग धरतात ते बघायचं, जनरेटरचं तेल बदलायचं, लाइट गेली की धावायचं. पालमपासून गंगाखेडच्या शिवारापर्यंतचे टॉवर त्याच्याकडे आहेत. भीती त्यालाही वाटते, पण ती उंचीची नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यातल्या एका टॉवरच्या बॅटऱ्या चोरीला गेल्या. तुटलेलं कुलूप सगळ्यांत आधी धम्मानंदनंच पाहिलं, फोनही त्यानंच केला आणि चौकीतल्या बाकड्यावर संध्याकाळपर्यंत बसावं लागलं तेही त्यालाच. आधी नाव विचारलं, मग आडनाव. आडनाव ऐकल्यावर विचारणाऱ्याचं ‘तुम्ही’ गेलं आणि ‘तू’ आलं. हाती काही लागलं नाही, तेव्हा घरी पाठवलं. ‘त्याचा काही संबंध नव्हता’ असं नंतर कुणी म्हणालं नाही. सगळे म्हणाले, ‘सोडला त्याला.’ तेव्हापासून धम्मानंद साधा स्क्रू घेतला तरी बिल मागतो. केबिनला कुलूप लावलं की फोटो काढून ठेवतो.

असा माणूस परक्या गावात, अनोळखी घरी, जुनी गिटार घ्यायला गेला, यामागं कारण होतं त्याच्या वडिलांची पेटी.

दत्तरावांची गायन पार्टी पालम तालुक्यात जुनी. जयंती असो की पौर्णिमा, बुद्ध-भीमगीतं म्हणायला त्यांना बोलावणं यायचंच. मागच्या दिवाळीनंतर दत्तरावांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. जीभ वाचली, गळाही वाचला, पण डावा हात मांडीवर पडून राहिला. पेटीचा भाता डाव्या हातानं चालतो. उजवा हात सुरांवर ठेवून दत्तराव बसायचे आणि पेटी मुकी राहायची. पूर्णेला माघ पौर्णिमेचा कार्यक्रम ठरलेला होता. दुसरा पेटीवाला आणला तर पार्टी त्याच्या तालावर जाणार, आणि पेटी सोडून बसलं तर लोक म्हणणार, दत्तरावांचं संपलं.

धम्मानंद गिटार वाजवायचा. औरंगाबादला पॉलिटेक्निकला असताना होस्टेलवर शिकला होता. पण त्याची साधी सहा तारांची गिटार ढोलकीपुढं विरून जायची. त्याला हवी होती बारा तारांची. तिच्यात तारांच्या जोड्या असतात. जाड तारेशेजारी बारीक तार, वरच्या सप्तकातली. पेटीत खर्ज, म्हणजे खालचा सूर, आणि नर, म्हणजे वरचा, एकदम बोलतात, तसंच. एकदा छेडली की मागं सूर भरून राहतो. तशी गिटार अख्ख्या जिल्ह्यात कुणाकडं असेल असं त्याला वाटत नव्हतं. आणि एका सकाळी फोनवर जाहिरात दिसली. गंगाखेडजवळचं, गोदाकाठचं गाव. किंमत दोन हजार.

“खरी किंमत काय असंल?” दत्तरावांनी विचारलं.

“जुनी असली तरी आठ-नऊ हजारांच्या खाली न्हाई.”

“मंग दोनला देनाऱ्याचं काय बिघडलंय?”

“तेच बघायला जायलाव, बाबा.”

धम्मानंदची आई सरजाबाई भाकरी थापत होत्या. “त्या गावात तुझ्या वळखीचं कोन हाय?”

“आमचा टॉवर हाय तिथं.”

“टॉवर साक्ष देतो व्हय?”

दत्तराव हसले नाहीत. उमेदीच्या काळात त्यांनी दुसऱ्यांचे बैल बाजारात नेले-आणले होते. म्हणाले, “बैल कितीबी मनात भरू दे, खुट्याचं दावं आपल्या हातानं सोडायचं न्हाई. मालकानं सोडावं, मालकानं हातात द्यावं, मानसांच्या देखत. अन् पैसा बाजारभावानं. सस्तं आनलेलं जनावर आपल्या दारात उभं असलं तरी लोकांचंच असतं.”

धम्मानंदनं खात्यातून आठ हजार काढले आणि दुपारी मोटारसायकल काढली.

उसाचा हंगाम भरात होता. ट्रॉल्या रस्ता अडवून चालल्या होत्या. गावाच्या अलीकडं त्यानं गाडी थांबवली आणि फोन मुका केला. त्याच्या फोनला वडिलांच्याच आवाजातलं गाणं लावलेलं होतं. पालममध्ये ते कितीही वाजलं तरी चालतं. इथं कसं ऐकलं जाईल, सांगता येत नव्हतं.

घर नव्या स्लॅबचं होतं, पण पुढं जुन्या पद्धतीची लांब ओसरी होती. दारात नांगर, ट्रॅक्टरची जुनी चाकं. गिटार विकणारा योगीराज दारातच उभा होता. वय धम्मानंदएवढंच. दाढी वाढलेली, अंगावर पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीचा टी-शर्ट. त्यानं आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, मग म्हणाला, “गाडी आत घ्या. अगदी आत.”

गिटार ओसरीच्या मधल्या भिंतीवर, खुंटीला टांगलेली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला पहिली दिसावी अशी. एका बाजूला देवीचं कॅलेंडर, दुसऱ्या बाजूला कारखान्याच्या सभेचा फोटो, आणि मध्ये ती.

योगीराजनं ती घाईघाईनं काढून धम्मानंदच्या हातात दिली. धम्मानंदनं घाई केली नाही. डोळ्याच्या रेषेत धरून नेकचा, म्हणजे लांब दांड्याचा, बाक पाहिला. थोडा होता. तारा जिथं बांधतात त्या ब्रिजखाली कागदाची पट्टी सरकवली. मागच्या कडेला ती नखभर आत गेली. बारा तारांचा ताण मोठा असतो. बरीच वर्षं कुणी तारा सैल केल्या नाहीत तर लाकूड हळूहळू वर उचलतं. फुगवटाही होता. पण सांधा धरून होता, दुरुस्त होण्यासारखा. त्यानं तारा जुळवल्या आणि एकदाच हात फिरवला.

ओसरी भरून गेली. आतल्या घरात भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला.

“वाजवू नका हो,” योगीराज हळूच म्हणाला. “घ्यायची तर घ्या, अन् निघा.”

“मोडलेली न्हाई ही,” धम्मानंद म्हणाला. “दोन हजाराला काहून द्यायलाव?”

“मला न्हाई पाहिजे डोळ्यासमोर.”

मग त्यानं सांगितलं. पुण्यातली नोकरी सुटली, तो परत आला, त्याला आता वर्ष झालं. वडिलांनी, व्यंकटरावांनी, त्याच्या सामानातून गिटार काढली आणि स्वतः खुंटी ठोकून इथं टांगली. कुणी पाहुणा आला, सोयरीक घेऊन कुणी आलं, की आबा भिंतीकडं हात करतात. ‘ही आमच्या योगीराजची डिग्री. लाखो रुपयात पडली.’ लोक हसतात. हसून झालं की चहा येतो.

“आबा कारखान्यावर गेलेत. यायच्या आत न्या. पैसे नगदी द्या. माझ्या खात्याचा मेसेज त्यांच्याच फोनवर जातो.”

“अन् त्यांनी विचारलं, गिटार कुठं गेली, तर?”

“सांगंन, गेली.”

“गेली म्हंजे?”

“गेली. दुपारी ओसरीवर कोनी नव्हतं, नेली असंल कुनीतरी.” योगीराजनं खांदे उडवले. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला फक्त भिंत मोकळी हवी होती.

धम्मानंद मनाशी पुढचं जुळवू लागला. कुणीतरी नेली. ज्या दुपारी नेली त्या दुपारी गावात कोण आलं होतं? टॉवरवाला. त्याची गाडी फाटकातून आत जाताना समोरच्या ओट्यावरच्या दोघांनी पाहिली होती. गाडीचा नंबर, नाव, आणि मग आडनाव. गिटार काही लपवायची वस्तू नव्हती. पूर्णेच्या स्टेजवर हजार माणसांसमोर वाजवायची होती.

गिटार तिथंच ठेवून निघून जावं, हे त्याच्या मनात आलं. पण हात तिच्या नेकवरून सुटत नव्हता. आणि दत्तराव मुक्या पेटीसमोर बसलेले डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

“ही परत टांगा,” तो म्हणाला.

“काहून? पसंत न्हाई?”

“पसंत हाय. तुमचे वडील येईपर्यंत थांबतो.”

योगीराजचा चेहरा उतरला. “तुमाला आबा म्हाईत न्हाईत.”

“म्हणून तर थांबतो. तुमी टांगा. मी हात लावणार न्हाई.”

गिटार पुन्हा खुंटीवर गेली. दोघं तिच्याखाली बसले. फाटकापलीकडं ओट्यावर दोघांचे चौघे झाले. त्यातल्या एकानं उठून उगाचच फाटकाशी एक चक्कर मारली, आत मोटारसायकलकडं पाहिलं आणि परत जाऊन बसला. आतून योगीराजची आई धुरपताबाई दारात आली. तिनं पाहुण्याकडं पाहिलं, मुलाकडं पाहिलं, चहा ठेवला. पण आत गेली नाही. चौकटीशी उभी राहिली.

ऊन भिंतीवरून सरकत तारांपर्यंत आलं, तेव्हा जीपचा आवाज झाला.

व्यंकटराव दणकट होते. पांढरं धोतर, खांद्यावर टॉवेल, कारखान्याच्या काट्यावर दिवसभर उभं राहून चढलेला वैताग. त्यांनी पाहुण्याला पाहिलं, आपोआप भिंतीकडं हात केला आणि म्हणाले, “पायली का आमच्या लेकराची डिग्री?”

“पाहिली, काका. तीच घ्यायला आलाव.”

हात तसाच हवेत राहिला. “इकायला कुनी काढली?”

योगीराजनं मान खाली घातली. व्यंकटरावांना उत्तर मिळालं. ते खाटेवर बसले, टॉवेलनं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिले.

“कितीला इकायलास रे?”

“दोन हजार,” योगीराज पुटपुटला.

“दोन हजार. माझं वासरूबी न्हाई येत तेवढ्यात.” मग धम्मानंदकडं वळले. “अन् तुमी कुठले? कोनाचे?”

हाच प्रश्न येणार हे तो दुपारपासून जाणून होता. “पालमचा. दत्तरावांचा मुलगा. आमची गायन पार्टी हाय.”

“भजनाची?”

“बुद्ध-भीमगीतांची.”

ओट्यावरची माणसं आता फाटकाशी येऊन उभी होती. धुरपताबाईच्या हातातली बांगडी चौकटीवर एकदा वाजली. व्यंकटराव त्याच्याकडं बघत राहिले. ‘काका’ हा शब्द त्यांना आता उलगडत असावा. दत्तरावांच्या पिढीतला माणूस असता तर ‘मालक’ म्हणाला असता आणि ओसरीवर बसलाही नसता.

“असं हाय तर,” ते म्हणाले. “घेऊन जा. फुकट घेऊन जा. पैशाची गरज न्हाई मला. दिली असं समज.”

फाटकाशी कुणीतरी हसलं.

धम्मानंदला वाटलं, दोन हजारांपेक्षा हे वाईट. सस्त्याची चोरी ठरते आणि फुकटाची भीक. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर त्याच्या आजोबांनी पहिली गोष्ट केली होती ती हीच, सुगीला कुणाच्या दारात झोळी घेऊन उभं राहायचं नाही. त्या सालची सुगी घरानं कशी काढली, ते दत्तराव अजून सांगतात.

“फुकट नको, काका,” तो म्हणाला. “आमच्या घरात चालत न्हाई. हिची किंमत आठ हजार होते.”

“आठ?” व्यंकटराव पुढं झुकले. “इकनारा दोन म्हनतो, मी फुकट म्हनतो, अन् तू आठ? माझ्या ओसरीवर बसून मला भाव शिकवायलास?”

“शिकवत न्हाई. सांगतो. नवी लय महाग. हिचा ब्रिज उचललाय, नेकला बाक हाय, दुरुस्तीचा खर्च यील. ते वजा करून आठ. धड असती तर जास्त दिले असते.”

त्यानं पैसे काढले आणि खाटेवर, व्यंकटरावांच्या बाजूला ठेवले.

त्यांनी हात लावला नाही. धम्मानंदही उठला नाही. नोटांचं एक टोक वाऱ्यानं फडफडलं, तेव्हा कुणीच ते दाबायला पुढं झालं नाही. फाटकाशी आता सात-आठ माणसं होती. अंधार पडायच्या आत डांबरी सडकेला लागायला हवं, हे धम्मानंदला कळत होतं. पण पैसे उचलल्याशिवाय व्यवहार होत नाही, आणि व्यवहार झाल्याशिवाय तो या फाटकातून गिटार घेऊन निघाला, तर कुठंच पोचणार नव्हता. गिटार न घेता निघाला, तर यांच्या ओसरीवर यांना भाव सांगून गेलेला म्हणून निघणार होता. त्यानं हात मांडीवर ठेवले.

धुरपताबाई चौकटीतून पुढं आली. तिनं खाटेवरून नोटा उचलल्या, मोजल्या नाहीत, कमरेला खोवल्या.

“वरीस झालं,” ती नवऱ्याला म्हणाली, “पाहुन्यांच्या म्होरं माझ्या लेकराला टांगलंय तुमी. झाला येव्हार. द्या काढून.”

व्यंकटराव बायकोकडं बघत राहिले. मग धम्मानंदला म्हणाले, “घे काढून.”

“तुमच्या हातानं द्या,” धम्मानंद म्हणाला. “जनावर घेताना आमी दावं मालकाच्या हातून घेतो.”

आयुष्यभर बाजार केलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. त्यांच्या जबड्याची शीर उडाली. असं का मागतोय आणि कशाच्या भीतीनं मागतोय, ते त्यांना नेमकं कळलं, आणि ते त्यांना आवडलं नाही. फाटकाशी उभ्या माणसांकडं त्यांनी एकदा पाहिलं. मग उठले. खुंटीवरून गिटार काढताना बोटं तारांना लागली आणि बाराही तारा बोलल्या. ते क्षणभर दचकले. खुंटी ठोकून टांगल्यानंतर त्यांनी तिला हात लावला नसावा.

“एवढी हलकी?” ते स्वतःशीच म्हणाले आणि गिटार धम्मानंदच्या हातात दिली.

धम्मानंदनं दोन्ही हातांनी घेतली. प्रवासासाठी तारा थोड्या सैल केल्या, बरोबर आणलेल्या चादरीत गुंडाळून पाठीला बांधली. फाटकातल्या माणसांनी त्याला वाट दिली, पण पुरती नाही. त्याला अंग चोरूनच जावं लागलं. मागून व्यंकटरावांचा आवाज आला. शांत होता, म्हणूनच ऐकवेना.

“योग्या, भिंत मोकळी झाली. आता तिथं काय टांगू, सांग.”

योगीराजचं उत्तर त्याला ऐकू आलं नाही.

शिवाराच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस होता, डोक्याच्या वर. मागं एक मोटारसायकल होती. धम्मानंदनं वेग वाढवला तेव्हा तिनंही वाढवला. पुलाच्या अलीकडं ट्रॉलीसाठी त्याला थांबावं लागलं आणि ती मोटारसायकल त्याच्या पुढं आडवी झाली. दोघं होते. पुढचा उतरला, पाठीवरच्या चादरीवर हात ठेवला.

“ही योग्याची हाय.”

“होती. आता मी घेतली.”

“मी बन्सीधर. भावकी हाय आमची. ती गिटार आबा कुनाला हात लावू देत न्हाईत अन् तू घेतली म्हनतोस?”

“फोन लावा. आबांनाच विचारा.”

“लावतोच की. तू हालू नको.” बन्सीधरनं स्पीकर चालू केला. फोन वाजत राहिला. बंद झाला. मागचा म्हणाला, “उचलत न्हाईत. चल ह्याला घेऊनच जाऊ मागं.” बन्सीधरनं पुन्हा लावला. ट्रॉली निघून गेली होती आणि तिच्यामागं रस्ता रिकामा होता. धम्मानंदचं लक्ष त्या फोनवर होतं. पैसे बाईनं उचलले होते. दावं मालकाच्या हातून घेतलं होतं. सगळं बापानं सांगितलं तसं झालं होतं, आणि तरीही आता सगळं एका रागावलेल्या माणसाच्या जिभेवर होतं.

“बोल,” फोनमधून व्यंकटराव म्हणाले.

“आबा, पुलापाशी एकाला धरलंय. योग्याची गिटार हाय पाठीवर. कोन हाय हा?”

लांब कुठंतरी कुत्रं भुंकलं, ते फोनमधून ऐकू आलं. बन्सीधरचा हात चादरीवर घट्ट झाला.

“गिऱ्हाईक हाय,” व्यंकटराव म्हणाले. “मी दिली माझ्या हातानं. जाऊ दे त्याला.”

फोन बंद झाला. बन्सीधरनं हात काढला, पण गाडी लगेच बाजूला घेतली नाही. मग घेतली.

धम्मानंद निघाला. मागचा दिवा डांबरी सडकेपर्यंत त्याच्या आरशात होता. राखणीला होता की पाळतीवर, त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. सडकेला लागल्यावर दिवा वळला आणि उसात दिसेनासा झाला. पालमला पोचेपर्यंत त्यानं गाडी कुठंच थांबवली नाही.